अवयव प्रत्यारोपणाचं ऑपरेशन रात्री झालं तर धोका वाढतो का? समजून घ्या वेळेचं गणित

किडनी किंवा यकृताच्या प्रतीक्षा यादीत नाव असलेल्या पेशंटच्या घरी हॉस्पिटलचा फोन अनेकदा रात्री-अपरात्री येतो. अवयव मिळण्याची शक्यता आहे, लगेच निघा, असं सांगितलं जातं. ऑपरेशन पहाटे सुरू होणार असतं. अशा वेळी घरच्यांच्या मनात एक साधा प्रश्न येतो. डॉक्टर दिवसभर काम करून थकले असतील, मग सकाळपर्यंत थांबलेलं बरं नाही का?

हाच प्रश्न जगभरातल्या संशोधकांनाही पडला आहे. त्यासाठी त्यांनी एक लाखाहून अधिक ऑपरेशनांच्या नोंदी तपासल्या आहेत. त्यांचं उत्तर बऱ्यापैकी दिलासा देणारं आहे. पण मोठ्या शहरापासून लांब राहणाऱ्या कुटुंबांसाठी वेळेचा प्रश्न ऑपरेशन थिएटरच्या खूप आधी सुरू होतो.

भंडारा जिल्ह्यात लाखांदूर तालुक्यातलं दिघोरी (मोठी) हे गाव उदाहरण म्हणून घेऊ. नागपूर शहरातही दिघोरी नावाचा भाग आहे, पण हे गाव वेगळं. इथून नागपूर शंभर किलोमीटरहून जास्त लांब आहे. इथल्या माणसाला अवयव मिळायचा असेल किंवा इथल्या कुटुंबाला अवयवदान करायचं असेल, तर दोन्हींसाठी नागपूर गाठावं लागतं.

प्रत्यारोपण रात्रीच का होतं?

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. भारतात होणारी बहुतांश प्रत्यारोपणं जिवंत दात्यांमुळे होतात. आई मुलाला किडनी देते, बायको नवऱ्याला यकृताचा भाग देते. २०२३ मध्ये देशात १८,३७८ प्रत्यारोपणं झाली. त्यातली १५,४३६ जिवंत दात्यांकडून मिळालेल्या अवयवांची होती. अशा ऑपरेशनची तारीख आधी ठरते, सगळ्या तपासण्या आधी होतात आणि ऑपरेशन सहसा सकाळी सुरू होतं. काही कुटुंबं तर त्यासाठी मुहूर्तही बघतात.

मेंदूमृत दात्याच्या बाबतीत मात्र वेळ कुणाच्याच हातात नसते. २०२३ मध्ये देशभरात असे १,०९९ दाते होते. यातले बरेचसे रस्ते अपघातातले किंवा मेंदूत रक्तस्राव झालेले पेशंट असतात. व्हेंटिलेटरमुळे श्वास चालू असतो, हृदय धडधडत असतं, पण मेंदूचं काम कायमचं थांबलेलं असतं. कोमातला पेशंट बरा होऊ शकतो, मेंदूमृत व्यक्ती परत येऊ शकत नाही.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा आहे. त्यानुसार मेंदूमृत्यू चार डॉक्टरांच्या समितीने प्रमाणित करावा लागतो. तपासण्या दोनदा होतात आणि दोन्हींमध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवावं लागतं. त्यात व्हेंटिलेटर बाजूला करून पेशंट स्वतःहून श्वास घेतो का हे पाहणारी चाचणीही असते.

समजा, पहिली तपासणी सकाळी दहाला झाली. मग दुसरी दुपारी चारच्या आधी होऊ शकत नाही. त्यानंतर नातेवाइकांची संमती घेतली जाते. मग विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, म्हणजे झेडटीसीसी, प्रतीक्षा यादी बघून अवयव कुणाला मिळणार हे ठरवतं. विदर्भासाठी हे केंद्र नागपूरला आहे. दात्याच्या रक्ताच्या तपासण्या होतात. किडनीसाठी दाता आणि घेणारा यांचं रक्त जुळतं का हे पाहणारी क्रॉसमॅच चाचणी होते, तिला काही तास लागतात. बाहेरगावची टीम येणार असेल तर तिचा प्रवास वेगळा. सकाळी सुरू झालेली ही प्रक्रिया संपेपर्यंत सहज मध्यरात्र होते. शिवाय दिवसा ऑपरेशन थिएटर इतर पेशंटसाठी ठरलेलं असतं, रात्री ते रिकामं मिळतं.

संशोधन काय सांगतं?

सुरुवातीच्या एका अभ्यासाने काळजी वाढवली होती. अमेरिकेत २०१० मध्ये यकृत प्रत्यारोपणाच्या काहीशे पेशंटची माहिती तपासली गेली. रात्री झालेली ऑपरेशनं जास्त वेळ चालली आणि पहिल्या काही दिवसांतलं मृत्यूचं प्रमाणही रात्रीच्या गटात जास्त दिसलं. दीर्घकाळाचा विचार केला तर मात्र दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता.

त्यानंतर मोठे आकडे समोर आले. २०१२ मध्ये अमेरिकेतल्याच १९८७ ते २०१० या काळातल्या ९४,७६८ यकृत प्रत्यारोपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रात्री ऑपरेशन झालेले पेशंट दिवसाच्या पेशंटइतकेच जगले.

हृदय आणि फुप्फुसांबद्दलचा अभ्यास २०११ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दहा वर्षांतल्या २७ हजारांहून अधिक पेशंटची माहिती घेतली. संध्याकाळी सात ते सकाळी सात ही रात्र धरली. हृदय प्रत्यारोपणानंतर एक वर्ष जगलेल्यांचं प्रमाण दिवसाच्या गटात ८८.० टक्के आणि रात्रीच्या गटात ८७.७ टक्के होतं. फुप्फुसांसाठी हेच आकडे ८३.८ आणि ८२.६ टक्के होते. फुप्फुसांच्या बाबतीत पहिल्या तीन महिन्यांत रात्रीचा गट किंचित मागे होता, वर्षाअखेर लक्षात घेण्यासारखा फरक उरला नाही.

किडनीच्या बाबतीत तर एक उलटाच निकाल आहे. नेदरलँड्समधल्या सुमारे साडेचार हजार किडनी प्रत्यारोपणांच्या अभ्यासात, निव्वळ तांत्रिक कारणाने किडनी निकामी होण्याचं प्रमाण रात्रीच्या ऑपरेशनमध्ये कमी आढळलं.

थोडक्यात, रात्र म्हणजे धोका असं सरळ समीकरण मांडता येत नाही.

मग डॉक्टरांच्या थकव्याचं काय?

थकव्याचा परिणाम होतो, हे खोटं नाही. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागलेल्या माणसांची कामगिरी मोजली गेली. रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकीच ती घसरलेली होती.

पण रात्रीचं प्रत्यारोपण म्हणजे दिवसभर राबलेला एकटा सर्जन, असं चित्र मोठ्या केंद्रांमध्ये सहसा नसतं. तिथे पाळ्या असतात, एकापेक्षा जास्त सर्जन असतात. ऑपरेशनही ठरलेल्या टप्प्यांनी होतं.

इथे एक सावधगिरी हवी. वरचे सगळे आकडे अमेरिका आणि युरोपातले आहेत. आपल्याकडच्या लहान केंद्रात एकाच टीमला अवयव काढून आणणं आणि तो बसवणं ही दोन्ही कामं करावी लागू शकतात. त्यामुळे "तुमच्याकडे या ऑपरेशनसाठी किती सर्जन आहेत? अवयव काढणारी आणि बसवणारी टीम वेगळी असते का?" हे प्रश्न पेशंटने यादीत नाव नोंदवतानाच विचारायला हवेत. फोन आल्यावर ते विचारायला वेळ नसतो.

शरीराच्या आतल्या घड्याळाचाही मुद्दा आहे. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत दिवस-रात्रीचा ताल सांभाळणारी जनुकं असतात. या शोधासाठी २०१७ चं नोबेल पारितोषिक दिलं गेलं. त्याच वर्षी फ्रान्समधल्या लील शहरातल्या डॉक्टरांनी हृदयाची झडप बदललेल्या ५९६ पेशंटचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये मांडला. सकाळी ऑपरेशन झालेल्यांपेक्षा दुपारी ऑपरेशन झालेल्यांना पुढच्या ५०० दिवसांत हृदयाचे गंभीर त्रास कमी झाले. प्रमाण होतं १८ टक्के विरुद्ध ९ टक्के. मात्र हा अभ्यास प्रत्यारोपणाचा नव्हता. प्रत्यारोपणात दात्याच्या शरीराचं घड्याळ वेगळं, घेणाऱ्याचं वेगळं आणि मधले काही तास अवयव बर्फात. त्यामुळे झडपेच्या ऑपरेशनचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं घड्याळ कोणतं?

अवयवाचा रक्तपुरवठा थांबला की त्याचं घड्याळ सुरू होतं. अवयव थंड द्रावणाने धुऊन, पिशवीत बंद करून, बर्फाच्या पेटीत ठेवला जातो. थंडीमुळे पेशींची ऑक्सिजनची गरज कमी होते, पण संपत नाही. या काळाला शीत रक्तपुरवठा-विराम म्हणता येईल.

प्रत्येक अवयवाची सहनशक्ती वेगळी असते. हृदय साधारण ४ ते ६ तास टिकतं. फुप्फुसंही जवळपास तितकीच. यकृत ८ ते १२ तास. किडनी सगळ्यात चिवट, २४ तास आणि काही वेळा त्याहून जास्त.

किडनी २४ तास टिकते म्हणून आरामात चालेल, असंही नाही. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या ३,८३९ पेशंटच्या अभ्यासात असं दिसलं, की बर्फात गेलेल्या प्रत्येक जादा तासामागे किडनी निकामी होण्याचा धोका सरासरी १.३ टक्क्यांनी वाढतो. रात्री अकराला किडनी मिळाली आणि सकाळी आठपर्यंत थांबलो, तर नऊ तास वाढतात. म्हणजे सकाळची वाट बघण्याचीही किंमत असते.

नागपूरच्या संदर्भात हे जास्त महत्त्वाचं ठरतं. नागपुरात त्या वेळी हृदयासाठी योग्य पेशंट नसेल, तर हृदय मुंबई, पुणे किंवा चेन्नईला जातं. नागपूर ते मुंबई विमानाला सुमारे दीड तास लागतो. त्याआधी हॉस्पिटल ते विमानतळ आणि त्यानंतर विमानतळ ते हॉस्पिटल. चार तासांत हे सगळं बसवून हृदय पुन्हा धडधडतं करायचं असतं. म्हणूनच पोलीस सिग्नल थांबवून रस्ता मोकळा करतात. त्यालाच ग्रीन कॉरिडॉर म्हणतात. रात्री रस्ते रिकामे असतात, ही इथे जमेची बाजू ठरते.

जे प्रत्यारोपण झालंच नाही, ते मोजायचं कुठे?

दिवस-रात्रीच्या अभ्यासांमध्ये एक मर्यादा आहे. ते फक्त झालेली ऑपरेशनं मोजतात. वेळ जमली नाही म्हणून जे अवयव वापरलेच गेले नाहीत, ते या आकड्यांत कुठेच दिसत नाहीत.

अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ही बाजू तपासली. शनिवार-रविवारच्या आसपास मिळालेल्या किडन्या न वापरता टाकून देण्याचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त निघालं. माणसं आणि यंत्रणा कमी असल्या की अवयव वाया जातो.

भारतात तर अडचण अवयव मिळण्याआधीच सुरू होते. दिघोरीजवळ रात्री दुचाकीचा अपघात झाला आणि डोक्याला गंभीर मार लागला असं समजा. १०८ ची रुग्णवाहिका येते. आधी लाखांदूर किंवा साकोलीचं सरकारी रुग्णालय, मग भंडारा आणि मेंदूच्या सर्जनची गरज पडली की नागपूर. पहिलं काम अर्थातच जीव वाचवणं. सगळे प्रयत्न करूनही मेंदूमृत्यू झाला, तर अवयवदान फक्त त्यासाठी नोंदणी असलेल्या हॉस्पिटलमध्येच होऊ शकतं. तिथे आयसीयू, ऑपरेशन थिएटर आणि प्रमाणित करणारे डॉक्टर लागतात. मेंदूमृत्यू वेळेत ओळखला गेला नाही, तर रक्तदाब कोसळतो, हृदय थांबतं आणि दानाची शक्यता संपते. असा गमावलेला दाता कोणत्याच रात्र-दिवस अभ्यासात मोजला जात नाही.

सूर्यास्तानंतरच्या पोस्टमॉर्टमचा नियम

अपघाती मृत्यू म्हणजे पोलीस केस. पंचनामा आणि पोस्टमॉर्टम आलंच. पोस्टमॉर्टम दिवसाउजेडीच करायचं, हा इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला शिरस्ता. रात्री अवयव काढून झाले, तरी पोस्टमॉर्टमसाठी दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागायची.

मेंदूमृत्यूच्या तपासण्यांसाठी आधीच काही तास गेलेले असतात. नातेवाईक आयसीयूबाहेर बसून असतात. गावात लोक जमलेले असतात. आपल्याकडे अनेक घरांमध्ये सूर्यास्तानंतर अंत्यसंस्कार करत नाहीत. म्हणजे पार्थिव दुपारपर्यंत हातात आलं नाही आणि पुढे शंभर किलोमीटरचा प्रवास असेल, तर आणखी एक रात्र घरात ठेवण्याची वेळ येते. दानाला तयार असलेलं कुटुंब या विचाराने मागे फिरलं, तर त्याला दोष देता येत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हा नियम बदलला. पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतरही पोस्टमॉर्टम करायला परवानगी मिळाली. अवयवदानाच्या प्रकरणांना प्राधान्य द्यावं आणि ती सूर्यास्तानंतरही हाताळावीत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. रात्रीच्या पोस्टमॉर्टमचं व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेलं पार्थिव किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणं यातून वगळली आहेत. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच त्यांना अपवाद.

प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांतही याची सोय होतीच. खासगी हॉस्पिटलमध्ये पोस्टमॉर्टम होत नसेल, तर अवयव काढल्यानंतर पार्थिव पोस्टमॉर्टम केंद्रात पोहोचवण्याची जबाबदारी त्या हॉस्पिटलची आहे. केंद्राने ते काम प्राधान्याने, कार्यालयीन वेळेनंतरही करावं, असं नियम सांगतो.

नातेवाइकांनी हे नियम माहीत करून घेणं उपयोगाचं आहे. संमतीपत्रावर सही करतानाच प्रत्यारोपण समन्वयकाला विचारा: पोस्टमॉर्टम कुठे आणि किती वाजता होणार? पार्थिव साधारण कधी मिळेल? गाडीची व्यवस्था कोण करणार? हे विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही. उत्तर मिळालं की गावाकडे निरोप देता येतो.

प्रतीक्षा यादीत असाल तर काय तयारी हवी?

दिघोरीसारख्या गावातल्या डायलिसिसवरच्या पेशंटसाठी फोन आल्यानंतरचे दोन-तीन तास निर्णायक असतात. रात्री एसटी मिळत नाही, म्हणून गाडी कुणाची हे आधीच ठरलेलं असावं.

- समन्वयकाकडे घरातल्या एकापेक्षा जास्त लोकांचे नंबर द्या. रात्री फोन सायलेंटवर ठेवू नका.
- आधार कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट, शेवटच्या डायलिसिसची नोंद आणि औषधांची यादी एकाच पिशवीत तयार ठेवा.
- फोन आल्यावर काही खायचं-प्यायचं का, हे विचारूनच ठरवा. भूल देण्यासाठी पोट रिकामं लागतं.
- ताप, खोकला, जखम असेल तर लपवू नका. संसर्ग असताना प्रत्यारोपण धोक्याचं असतं.
- क्रॉसमॅच जुळला नाही तर परत यावं लागू शकतं. यादीतलं नाव त्यामुळे जात नाही.

अवयवदानाबद्दल शंका असतील तर राष्ट्रीय संस्था 'नोटो'ची टोल फ्री हेल्पलाइन १८००११४७७० या क्रमांकावर आहे.

पुढे काय बदलू शकतं?

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये डॉक्टरांनी दान केलेलं यकृत बर्फात नुसतं न ठेवता, त्यातून थंड, ऑक्सिजनयुक्त द्रव यंत्राने फिरवत ठेवला. त्यामुळे यकृत जास्त तास टिकलं आणि रात्रीचं ऑपरेशन सकाळवर नेता आलं. ही यंत्रं महाग आहेत, पण सरसकट वापरात आली तर टीमला झोप मिळेल आणि लांबच्या पेशंटला पोहोचायला वेळ मिळेल.

तोवर पेशंट आणि नातेवाइकांसाठी उपलब्ध माहितीचा अर्थ सरळ आहे. मध्यरात्रीचा फोन आला आणि डॉक्टर तयार असतील, तर केवळ रात्र आहे म्हणून नकार देऊ नये. सकाळपर्यंत थांबल्याने फायदा होईल असं आकडे सांगत नाहीत, अवयवाचे तास मात्र नक्की कमी होतात. आणि विदर्भात जास्त अवयव हवे असतील, तर मेंदूमृत्यू वेळेत ओळखणारी आयसीयू, रात्री उघडं असलेलं पोस्टमॉर्टम केंद्र आणि दात्याच्या घरच्यांना "उजेडात घरी पोहोचाल" असं खात्रीने सांगू शकणारी यंत्रणा लागेल.